सात रस्त्यावर एका पायावर

एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. दीड पान भरून इंग्रजी, आणि सगळं माझ्याविषयी. लग्न ठरवताना केलेल्या बायोडेटातसुद्धा माझ्याबद्दल एवढा मजकूर निघाला नव्हता. त्यात एल-४, एल-५ असे रुबाबदार आकडे होते, ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ होते आणि शेवटी ठळक अक्षरांत ‘माइल्ड डिस्क बल्ज’ होता. त्यातला ‘माइल्ड’ मी मनातल्या मनात खोडून टाकला. नवी पेठेतल्या ऑफिसात ती मोठी पांढरी पिशवी मी फायलींच्या वर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी ठेवू लागलो. ज्या साहेबांनी इतक्या वर्षांत मला कधी ‘बसा’ म्हटलं नव्हतं, त्यांनी स्वतःहून खुर्ची पुढे सरकवली. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मानेचं दुखणं होतं, पण ते बिचारं साध्या एक्स-रेवर भागलेलं. तो माझ्याशी जरा अदबीनेच बोलू लागला.

हे वैभव आलं कुठून, तर गच्चीवरून.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ती दोन्ही बाजूंनी वापरता येते, वर्षानुवर्षं विरत नाही, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ती भिजल्यावर किती वजनाची होते, हे फक्त धुणाऱ्याला ठाऊक असतं. आमच्याकडे दिवाळीच्या आधी घरातल्या सगळ्या चादरी गच्चीवर निघतात. पिळायला दोघं लागतात. एका टोकाला ही, दुसऱ्या टोकाला मी, आणि दोघांनी उलट दिशांना पीळ द्यायचा. एरवी संसारात उलट दिशेला पीळ द्यायला आम्हाला कुणी सांगावं लागत नाही. त्या दिवशी मात्र आमचं एकमत झालं आणि दोघांनी एकाच बाजूला दिला. “अहो, तिकडं नाही, इकडं!” ही ओरडली. मी पाय होते तिथेच ठेवून कंबरेतून गर्रकन वळलो. आत कुठेतरी कट्ट झालं. चादर हातातून सुटली नाही, पण मीच चादरीवर गेलो. डबलबेडची होती, मोराच्या नक्षीची. त्या ओल्या मोरावर मी बराच वेळ ओणवा होतो आणि ही वरून विचारत होती, “आता ही कोण पिळणार?”

जुळे सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, बातमी पाच मिनिटांत. मला खाली आणून कॉटवर आडवं करेपर्यंत शेजारचे अण्णा हजर. त्यांनी लांबूनच निदान केलं, “उसण भरलीय. पायाळू माणूस बघा.” पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याने कंबरेला लाथ लावली की उसण जाते, असा आपल्याकडे पूर्वापार समज आहे, आणि लाथ खाणारा मी असल्यामुळे घरात कुणी त्याला हरकत घेतली नाही. दोन गल्ल्या पलीकडे एक निवृत्त गुरुजी पायाळू निघाले. बिचारे पंचा गुंडाळून लगेच आले. “हळू लावू का जोरात?” त्यांनी विचारलं. आयुष्यभर मुलांना बदडूनही त्यांच्या आवाजात अजून मार्दव होतं. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. गुरुजींनी पाय उचलला. लाथ माझ्यापर्यंत आली की नाही, मला कळलं नाही. पण मागून “आई गं” असा आवाज आला तो माझा नव्हता. गुरुजींचा गुडघा धरला होता. त्यांना रिक्षात बसवायला मीच गेलो, वाकून.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तपासलं, थोड्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, “झोपून राहू नका. हिंडाफिरा. महिन्याभरात जाईल.” आता जो डॉक्टर नुसतं हिंडाफिरा सांगतो, त्याच्यावर आपला विश्वास कसा बसावा? मी चांगला पंधरवडाभर झोपून राहिलो. दुखणं वाढलं. मग मीच हट्ट धरून एमआरआय करवून घेतला आणि तो त्यांच्या टेबलावर आपटला. त्यांनी तो बघितला, पिशवीत घातला, चिठ्ठी लिहिली आणि मला सात रस्त्यावरच्या एका फिजिओथेरपी सेंटरला धाडलं.

सात रस्ता ओलांडायचा तर माणसाची मान आणि कंबर दोन्ही मोकळ्या लागतात. वाहन कुठल्या बाजूने येईल याला तिथे धरबंध नाही. रेल्वे लाईन्सकडून रिक्षा येते, होटगी रस्त्याकडून टेम्पो येतो आणि उलट्या बाजूने, मोबाइल कानाला लावून, आपलाच कुणी नातेवाईक येतो. माझी कंबर एका तुकड्यात झालेली. उजवीकडे बघायचं तर अख्खा मी उजवीकडे वळायचो, डावीकडे बघायचं तर अख्खा डावीकडे, आणि मध्ये श्वास घ्यायला थांबायचो. हिने हात धरला होता, पण तिचाही धीर सुटत चालला होता. एका रिक्षावाल्याने ब्रेक मारला आणि मान बाहेर काढून विचारलं, “मालक, पलीकडं जाणार हाव का कवायत करूलालाव?”

सेंटरच्या बाकावर गुरुजी बसले होते, गुडघ्याला पट्टा बांधून. आम्ही एकमेकांना ओळख दाखवली नाही.

मला अपेक्षा होती एखाद्या केस पिकलेल्या माणसाची. समोर आली सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, पायात स्पोर्ट्स शूज. तिने पहिल्याच वाक्यात मला ‘काका’ म्हटलं, ते कंबरेपेक्षा जास्त लागलं. मी पिशवी पुढे केली. “ते नंतर बघू,” ती म्हणाली आणि पिशवी खुर्चीवर ठेवली. माझा बल्ज! खुर्चीवर!

“दिवसभर काय करता, काका?”

“ऑफिस.”

“म्हणजे नेमकं काय करता?”

“बसतो.”

“घरी आल्यावर?”

“जरा टेकतो.”

“सुट्टीच्या दिवशी?”

“लोळतात,” ही म्हणाली.

तिने ते सगळं लिहून घेतलं. मग शून्य ते दहामध्ये दुखणं किती, असं विचारलं. दहा म्हणजे कल्पनेतलं सर्वांत भयंकर दुखणं. मी नऊ सांगितलं. एक सौजन्य म्हणून सोडला. ही म्हणाली, “गच्चीवर नऊ होतं. आता शेतावर हुरड्याला बोलावलं तर तीन.” मुलीने दोन्ही आकडे लिहिले. मग तिचा आवाज बदलला आणि प्रश्न भराभर आले. लघवी-संडासवर ताबा आहे ना? मांड्यांच्या मध्ये बधिरपणा? पायातली ताकद गेल्यासारखी वाटते का? ताप? रात्री झोपेतून उठवणारं दुखणं? पूर्वी कॅन्सर वगैरे? कारण नसताना वजन उतरलंय? शेवटच्या प्रश्नाला ही म्हणाली, “तेवढं तरी झालं असतं!” पण ती मुलगी हसली नाही. यातलं एकही उत्तर ‘हो’ आलं असतं तर तिने मला व्यायाम न देता तडक मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. कंबरदुखीच्या रांगेत क्वचित एखादा पेशंट वेगळ्याच, गंभीर आजाराचा निघतो आणि त्याला आधी बाजूला काढावं लागतं. ती काय करते आहे हे मला तेव्हा समजलं असतं तर मी जरा कमी विव्हळलो असतो.

मग परीक्षा सुरू झाली. चवड्यांवर चाला, टाचांवर चाला. छोट्या हातोडीने गुडघ्यावर टकटक. पाय आज्ञाधारकपणे उडाला. उताणं झोपवून तिने माझा सरळ पाय हळूहळू वर उचलला आणि विचारलं, पायात कळ जाते का? जात नव्हती. “छान. नस दबलेली दिसत नाही.” मला वाईट वाटलं. पुढे वाका म्हणाली, माझी बोटं गुडघ्यापर्यंत गेली आणि तिथे त्यांनी मुक्काम केला. मागे वाका म्हणाली, मी छताकडे पाहिलं. “वाका, काका.” “वाकलोय.”

“आता एका पायावर उभे राहा.”

डाव्यावर जमलं. उजव्यावर उभा राहिलो आणि माझा पार्श्वभाग एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला निघालो. आधाराला हात टाकला तो कोपऱ्यात टांगलेल्या सांगाड्यावर. पुढच्या क्षणी त्याचा उजवा हात खांद्यापासून सुटून माझ्या हातात होता. पडद्यापलीकडून कुणीतरी बाई खुदकन हसली. “राहू द्या काका, तो निघतोच,” मुलगी म्हणाली आणि हात परत अडकवला. सांगाड्याचा.

त्यानंतर मला टेबलाच्या कडेला झोपवून एक गुडघा छातीशी धरायला सांगितलं. दुसरी मांडी आपोआप खाली टेकायला हवी होती. माझी हवेत राहिली. तिने हलकेच दाबली, तरी खाली जाईना. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलला ह्यू ओवेन थॉमस नावाचा सर्जन होता, त्याच्या नावाची ही चाचणी. हा गृहस्थ पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातला, हे कळल्यावर मला जरा आपलेपणा वाटला. गुरुजींची लाथ मग तितकी अडाणी वाटेना. खुर्चीत बसून बसून मांडी वर ओढणारे माझे स्नायू आखूड झाले होते आणि मी उभा राहिलो तरी ते मला अर्धवट बसलेलाच समजत होते.

शेवटी पालथं झोपवलं. तिने एक हात कंबरेवर ठेवला, दुसरा जरा खाली, आणि सांगितलं, “गुडघा न वाकवता पाय मागे उचला. कोण आधी कामाला लागतंय ते बघते.” मी उचलला. परत उचलला. तिने मान हलवली.

“हा स्नायू उठतच नाहीये, काका.”

“कुठला?”

“ग्लुटियस मॅक्सिमस. शरीरातला सर्वांत मोठा स्नायू.”

सर्वांत मोठा म्हटल्यावर क्षणभर बरं वाटलं. हिने विचारलं, “म्हणजे कुठला हो?” मुलीने बोट दाखवलं. “हां,” ही म्हणाली, “तो त्यांचा बसायचाच आहे.”

मग तिने मला समोर बसवून समजावून सांगितलं आणि सोलापूरच्या माणसाला कळेल अशा भाषेत सांगितलं. “काका, यंत्रमागाचं शेड आहे असं धरा. माग शाबूत आहे, वीज आहे, सूत आहे. पण एक कामगार कायमचा रजेवर आहे आणि त्याची पाळी दुसरा करतोय. दुसरा बोंबलणारच. तुमची कंबर बोंबलतेय, कारण खालचा स्नायू कामावर येत नाही आणि पोटाचे स्नायू हजेरी लावून निघून जातात. मागाचे फोटो कितीही काढले तरी हे त्यात दिसणार नाही. माग चालवून बघावा लागतो.”

“म्हणजे माझं दुखणं खोटं?”

“अजिबात नाही. दुखणं शंभर टक्के खरं आहे. पण काही मोडलेलं नाही. वापर बिघडलाय.”

“आणि बल्ज?” मी पिशवीकडे हात केला.

तिने आता कुठे फिल्म काढली, दिव्यासमोर धरली, रिपोर्ट वाचला आणि म्हणाली, “तुमच्या वयाला शोभेलसा आहे.”

हे मात्र मला सहन झालं नाही. तिला खोटं पाडायला मी रात्री मोबाइल घेऊन बसलो, आणि सापडलं ते असं. २०१५ साली कंबरेच्या तपासण्यांचे तेहतीस अभ्यास एकत्र करून बघण्यात आले. त्यांत ३११० माणसं होती आणि त्यांतल्या एकाचीही कंबर दुखत नव्हती. तरीही विशीतल्या माणसांत शंभरातल्या तिसांना बल्ज, पन्नाशीतल्या साठांना, ऐंशीतल्या चौऱ्याऐंशींना. म्हणजे आमच्या गल्लीत माझ्या वयाच्या निम्म्याहून जास्त लोकांकडे माझा बल्ज असणार आणि ते तो न मिरवता भाजी आणत होते. दुसऱ्या दिवशी मी पांढरी पिशवी ऑफिसातून घरी नेली. साहेबांनी खुर्ची परत ओढून घेतली, हा योगायोग असावा.

त्याच रात्री प्रागचा व्लादिमीर यांदा भेटला. हा झेक डॉक्टर १९२८ साली जन्मला. पंधराव्या वर्षी पोलिओने त्याचं चालणं थांबलं, पुढे तो पुन्हा चालू लागला आणि जन्मभर इतरांच्या चालण्या-उठण्याकडे बघत राहिला. त्याचं म्हणणं असं की माणसाचे काही स्नायू हलगर्जीपणात आखडत जातात आणि काही ढिले पडत जातात, आणि हे बऱ्यापैकी ठरलेल्या नमुन्याने होतं. कंबरेपाशी बघितलं तर मांडीच्या वरचे आणि कंबरेचे आखडतात. पोटाचे आणि बसायचे ढिले पडतात. बाजूने रेघा ओढल्या तर फुली होते. मी आरशासमोर आडवा उभा राहून बघितलं. पोट पुढे, कंबरेला खळगा, बाकी सगळं सपाट. ज्या माणसाने सोलापूर बहुधा नकाशातही पाहिलं नसेल, तो माझं सगळं वर्णन करून २००२ साली वारलाही होता.

दुसऱ्या दिवसापासून उपचार. मला वाटत होतं की गुण मशीनमध्ये असणार. आयएफटी नावाचं यंत्र होतं, त्याची चार पॅड कंबरेला चिकटवायची, आत मुंग्या खेळायच्या. विजेची वायर दिसली की आपल्या पैशाचं चीज झाल्यासारखं वाटतं. “यानं दुखणं थोडा वेळ कमी होईल, म्हणजे व्यायाम करता येईल,” मुलगी म्हणाली. त्यातला ‘म्हणजे’ मी ऐकला नाही.

पडद्यापलीकडे हसलेली बाई म्हणजे एक पद्मशाली अम्मा. कुंभारीच्या विडी घरकुलातून यायची, मान आणि खांदा धरला होता म्हणून. वय साठीच्या पुढे. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, मान खाली, बोटं चालू. मजुरी हजार विड्यांवर. हे तिने लहानपणापासून केलेलं. मुलगी तिला सांगत होती की दर बंडलानंतर मान वर कर, खांदे मागे घे, उभी राहा. अम्माने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग हजार कधी होणार पोरी?” त्यावर त्या मुलीकडे लगेच उत्तर नव्हतं. तिने थोडा विचार करून सूप उंच स्टुलावर ठेवून बघायचं ठरवलं, पाठीला भिंत, पायांखाली पाट. अम्मा म्हणाली, बघते. मी बसून बसून दुखणं आणलं होतं आणि अम्मानेही बसूनच. पण तिच्या बसण्यातून घर चाललं होतं. मी तेव्हा मशीन जरा वाढवायला सांगितलं.

मशीन झाल्यावर ब्रिजिंग. उताणं झोपायचं, गुडघे मोडायचे, तळवे टेकून पार्श्वभाग उचलायचा. शाळकरी पोरही करील. मी उचलला, तर मांडीच्या मागच्या बाजूला असा वात आला की मी टेबलावर उलटा झालो. रजेवरचा कामगार आलाच नव्हता. बदली पाठवलेल्याने पाय धरला होता. शेजारच्या टेबलावर अम्मा आपला व्यायाम संपवून माझ्याकडे बघत होती. “तसं नाही रे,” म्हणत ती आडवी झाली, लुगडं नीट केलं आणि कंबर अशी सहज वर नेली की मुलीने टाळी वाजवली. “खालून आवळ. तोंड नको आवळू,” अम्माने मला सांगितलं. माझं तोंड खरंच आवळलेलं होतं.

रॉबिन मॅकेन्झीची गोष्ट मला मुलीनेच सांगितली, आणि ती सांगितली नसती तर बरं झालं असतं. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला १९५६ साली या मॅकेन्झी फिजिओथेरपिस्टकडे स्मिथ नावाचा पेशंट येत होता. कंबरेतून मांडीत कळ, काही केल्या गुण नाही. एकदा मॅकेन्झीने त्याला आत जाऊन पालथं झोपायला सांगितलं. आधीच्या पेशंटसाठी टेबलाची डोक्याकडची बाजू उंच केलेली होती. स्मिथ बापडा तसाच, कंबर मागे मोडून पालथा पडला. मॅकेन्झीला यायला थोडा उशीर झाला. आत येऊन बघतो तर पेशंट अशा अवस्थेत, की त्या काळी ती कंबरेला घातकच मानली जायची. घाबरून विचारलं, कसं वाटतंय? स्मिथ म्हणाला, कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. त्यातून पुढे कंबर मागे नेण्याच्या व्यायामांची आख्खी पद्धत उभी राहिली, जगभर. मुलीने लगेच जोडलं की हे प्रत्येकाला लागू नसतं, कुणाला मागे वाकून बरं वाटतं, कुणाला पुढे, ते तपासून ठरवायचं. ते जोडलेलं मी सोडून दिलं. मला भावलं ते एवढंच, की या जगात एक माणूस फिजिओथेरपिस्ट विसरल्यामुळे बरा झाला होता.

आणि एका संध्याकाळी मलाही विसरण्यात आलं. मी पालथा, कंबरेवर चार पॅड, पडदा ओढलेला. मशीनची वेळ संपून टुंग वाजलं. कुणी आलं नाही. बाहेर कुणाचा तरी खांदा सरकून आला होता आणि सगळे तिकडे धावले होते. एरवी मी हाक मारली असती. पण मनात आलं, स्मिथने हाक मारली असती तर? मी दोन्ही कोपरांवर छाती उचलली, मान मागे टाकली आणि नवीन उपचारपद्धतीची वाट पाहत राहिलो. कधीतरी कोपरं घसरली असावीत. जाग आली तेव्हा मुलगी खांद्याला हलवत होती, बाहेर अंधार पडला होता, माझ्या उजव्या गालावर टॉवेलची चौकडी उमटली होती आणि मान डावीकडे वळत नव्हती. “कसं वाटतंय काका?” तिने विचारलं. कंबर बरी होती, हे मी आधी सांगितलं. मग मानेचं सांगितलं. तिने फायलीत नवीन पान लावलं.

घरचा अभ्यास वेगळाच. ओणवं राहून उजवा हात आणि डावा पाय एकदम उचलायचा. उताणं पडून हातपाय छताकडे करायचे आणि एकेक खाली न्यायचा. याला इंग्रजीत ‘डेड बग’ म्हणतात. पहिल्याच सकाळी भांडीवाली आत आली, मला हॉलमध्ये चारी पाय वर केलेला पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन हिला दबक्या आवाजात म्हणाली, “वैनी, साहेब लैच झालेत वो.” अण्णांनी खिडकीतून बघून मत दिलं की झोपून राहण्यासारखं औषध नाही. त्यांना मी हेलसिंकीचं सांगितलं. तिथल्या महापालिकेच्या, कंबर धरलेल्या कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला होता, १९९५ साली छापून आला. काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना व्यायाम दिले, काहींना सांगितलं की झेपेल तसं रोजचं काम चालू ठेवा. सर्वांत लवकर बरे झाले ते काम चालू ठेवणारे. अण्णा खिडकीशी स्तब्ध झाले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त आहेत. “कामावर जाऊन बरे?” त्यांनी दोनदा विचारलं. “थंड देश आहे,” असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

हळूहळू गुण आला. कसा आला यात सांगण्यासारखं काही नाही. रोज तेच कंटाळवाणं करायचं, दर तासाला खुर्चीतून उठायचं, एवढंच. मुलगी एकेक वजन वाढवत गेली. आधी रिकामी बादली उचलायला लावली, मग अर्धी, मग भरलेली, कंबर न मोडता, गुडघ्यातून. आणि शेवटी म्हणाली, “आता चादर.” मी सुटका करून घ्यायला सांगितलं की दुखणं चादरीनेच आणलं होतं. “चादरीला का नावं ठेवता?” ती म्हणाली. “तिनं फक्त दाखवून दिलं.” संक्रांत जवळ आली होती. संध्याकाळी नंदीध्वजांचा सराव चालायचा, आणि ती उंच काठी पेलणारी पोरं पाय रोवून कशी उभी राहतात, कुठला स्नायू कुठे आवळतात, हे मी आता रस्त्याच्या कडेला उभा राहून, न विचारता, बाजूच्यांना समजावून सांगू लागलो होतो.

कारण बरा झाल्यावर मला हे नवीन लागलं. रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस मला वाकडा दिसू लागला. लग्नात मी वधूवरांच्या खांद्यांची उंची बघायचो. साहेब केबिनमधून येताना त्यांचा उजवा पार्श्वभाग खाली पडतो, हे मी त्यांना सांगितलं, त्यानंतर खुर्चीचा विषय कायमचा संपला.

परवा सात रस्त्यावर चहाला थांबलो होतो. टपरीच्या खांबाला धरून एक माणूस उभा, एक हात कंबरेच्या बाजूला, चेहरा पिळवटलेला, घाम आलेला. एका जागी ठरत नव्हता. या पायावरून त्या पायावर, परत खांबाला. मी चहा खाली ठेवला.

“बसून काम असतं ना तुमचं?” मी विचारलं.

त्याने कसंबसं मान हलवली.

“वाटलंच.” मी त्याला माग, रजेवरचा कामगार, यांदा, बल्ज, सगळं सांगितलं. तो मध्ये काही बोलू बघत होता, पण पेशंटला मध्ये बोलू दिलं की तपासणीची लय जाते. “एका पायावर उभं राहून दाखवा,” म्हटलं. त्याला जमेना. मग मीच दाखवलं. सात रस्त्यावर, भर संध्याकाळी, उजव्या पायावर, हात पसरून, जराही न डळमळता. टपरीवाल्याने किटली तशीच हातात धरून बघितलं. “हे जमलं पाहिजे,” मी वरून म्हणालो. “तुमचा ग्लुटियस झोपलाय.”

“मालक,” तो दातओठ खात म्हणाला, “मुतखडा हाय माझा. सोनोग्राफी करून आलोय. पोरगं गाडी घेऊन यायलंय.”

पोरगं आलं, त्याला घेऊन गेलं. त्याचा अर्धा राहिलेला चहा टपरीवाल्याने माझ्या हिशोबात धरला.